अठरा पूर्ण झाल्यावर गाडी हातात देताना: पालक आणि पोरं मला नेहमी विचारतात ते प्रश्न

मी गेली सोळा वर्षं सांगलीत कार चालवायला शिकवते. बारावीच्या परीक्षा संपल्या की सकाळी सहापासून बॅच सुरू होतात आणि मे महिन्यात तर श्वास घ्यायला वेळ नसतो. आईबाबा येतात, फी विचारतात, किती दिवसांत शिकेल ते विचारतात, आणि सगळं ठरल्यावर दारात चपला घालता घालता खरा प्रश्न विचारतात. असेच परत परत येणारे प्रश्न इथे लिहून काढलेत. काही उत्तरं लांब झालीत, पण ती लांबच हवी होती.

मुलगा अठराचा व्हायला सहा महिने आहेत, आत्तापासून शिकवलं तर चालेल का?

नाही चालणार. कारसाठी लर्निंग लायसन्सच अठरा पूर्ण झाल्याशिवाय निघत नाही आणि लर्निंग नसताना रस्त्यावर स्टिअरिंग हातात देणं म्हणजे विनालायसन्स चालवणंच झालं, मग शेजारी वडील बसलेले असोत नाहीतर मी.

"सोळाव्या वर्षी विदाऊट गिअर चालतं ना?" असं दर आठवड्याला कोणीतरी विचारतं. चालतं, पण कायद्यात ते फक्त ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या दुचाकीसाठी आहे, तेही पालकांची संमती असेल तर. आपल्याकडे घरोघरी ज्या स्कूटर आहेत त्या ११० आणि १२५ सीसीच्या. म्हणजे क्लासला अ‍ॅक्टिव्हा घेऊन जाणारी अकरावीची पोरं जवळजवळ सगळीच बेकायदा चालवतायत, आणि आईबाबांना वाटत असतं की आपलं सगळं नियमात आहे. इलेक्ट्रिकचंही तसंच, ताशी २५ किलोमीटरच्या आत आणि २५० वॅटच्या आत असेल तरच लायसन्स लागत नाही, त्याच्या वरची कुठलीही ई-स्कूटर कायद्यात मोटार वाहनच धरतात.

सहा महिने हातात आहेत तर त्याला शेजारच्या सीटवर बसवा आणि त्याचा मोबाईल मागच्या सीटवर ठेवायला लावा. समोरचा रिक्षावाला आता काय करणार, पुढे चाललेलं पोरगं डावीकडे वळणार की सरळ जाणार, असं त्याला विचारत जा. गाडी सुरू न करता जेवढं शिकता येतं तेवढं त्यात होतं, आणि माझ्या मते ते अर्ध्याहून जास्त आहे.

पकडलं तर दंड भरू की, त्यात काय एवढं?

हे ऐकलं की मला खरंच राग येतो. २०१९ ला मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली आणि १९९-अ कलम आलं. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो, तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड. गाडीचं रजिस्ट्रेशन बारा महिन्यांसाठी रद्द. आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स मिळत नाही. विचार करा, ज्या पोराला पुण्यात नोकरी लागणार, जो फील्डवर फिरणार, त्याला सात-आठ वर्षं गाडीला हात लावता येणार नाही, का, तर सतराव्या वर्षी त्याला दूध आणायला कार घेऊन पाठवला होता.

आणि "मला माहीत नव्हतं, त्याने किल्ली गुपचूप घेतली" हे तोंडाने म्हणून चालत नाही, कोर्टात तुम्हाला ते सिद्ध करावं लागतं. किल्ली टीव्हीच्या शेजारी खिळ्याला लटकवलेली असेल तर काय सिद्ध करणार?

पुण्याच्या पोर्शे केसनंतर काही बदललं का?

१९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाने भरधाव गाडीने बाईकला उडवलं आणि मध्य प्रदेशातनं पुण्यात नोकरीला आलेले दोन तरुण इंजिनिअर गेले. मुलाला काही तासांत जामीन मिळाला, त्याच्या अटीत ३०० शब्दांचा निबंध होता, आणि सगळा महाराष्ट्र पेटला. पुढे रक्ताचे नमुने बदलल्याचं प्रकरण निघालं, डॉक्टरांना अटक झाली, ते सगळं तुम्ही वाचलेलंच आहे.

माझ्या दारात एवढंच बदललं की त्यानंतरचे दोनतीन महिने पालक घाबरून "अठरा होऊ दे मगच" म्हणायचे. मग परत तेच. मला वाटतं आपण ती केस श्रीमंतांची आणि पबची म्हणून बाजूला ठेवली. आपला पोरगा स्विफ्ट चालवतो, दारू पीत नाही, म्हणजे तो त्यातला नाही, असं. पण सतराव्या वर्षी गाडीची किल्ली हातात येण्यापर्यंतची गोष्ट दोन्हीकडे सारखीच आहे हो.

मुळात या वयातल्या पोरांचे अपघात होतात कशाने? स्पीडनेच ना?

कागदावर स्पीड. २०२२ च्या केंद्र सरकारच्या आकडेवारीत देशात ४,६१,३१२ अपघात आणि १,६८,४९१ मृत्यू, आणि त्यातले ७१ टक्क्यांहून जास्त मृत्यू अतिवेगाच्या खात्यात. गेलेल्यांमध्ये दोन-तृतीयांश माणसं १८ ते ४५ मधली, म्हणजे कमावती किंवा आत्ता कुठे कमवायला लागलेली.

पण पोलीस पंचनाम्यात "भरधाव वेगाने" लिहितात तेव्हा त्या दोन शब्दांखाली बरंच काही झाकलं जातं. मी ज्या पोरांना शिकवते त्यांतली बरीचशी ताशी पन्नासनेच चालवत असतात आणि तरी जाऊन आदळली असती, कारण त्यांना समोरचं दिसलेलंच नसतं. डोळे उघडे असतात, नजर समोर असते, पण धोका कुठनं येतो ते वाचता येत नाही.

एक प्रसंग सांगते. नोव्हेंबरची संध्याकाळ, साडेसहा वाजलेले, आष्टा रोड. गाळप सुरू झालेलं. माझ्या शेजारी अठरा वर्षांचा पोरगा, शिकवणीचा पंधरावा दिवस, गिअर छान पडत होते, स्टिअरिंग स्थिर, स्पीड पन्नास. समोर अंधारात उसाची ट्रॉली होती, ट्रॅक्टरला जोडलेल्या दोन ट्रॉल्यांपैकी मागची, रिफ्लेक्टर नाही, टेललाईट नाही, ऊस मागे हात-दीड हात बाहेर आलेला. तो ब्रेकवर जाईना. मी माझ्या बाजूचा ब्रेक दाबला, गाडी थांबली तेव्हा उसाची टोकं आमच्या बॉनेटच्या वर आलेली होती, काचेपासून एवढी जवळ की हेडलाईटमध्ये कांड्यावरची पांढरी पूड दिसत होती. पोरगा थरथरत म्हणाला, "मॅडम, ही कुठनं आली?"

ती कुठनंच आली नव्हती, ती तिथेच होती. मला ती दोनशे मीटर आधी कळली होती, आणि मलाही ती दिसली नव्हतीच. रस्त्यावर पाचट पडलेलं होतं. पुढचा मोटरसायकलवाला काही कारण नसताना उजवीकडे सरकून परत डावीकडे आला. समोरून येणाऱ्या एका गाडीचा लाईट मधेच क्षणभर विझल्यासारखा झाला, म्हणजे आमच्या आणि त्याच्या मधे काहीतरी आडवं होतं. या तीन गोष्टी मिळून ट्रॉली होते. त्याला तिन्ही दिसल्या होत्या, मी नंतर विचारलं तेव्हा त्याला आठवल्याही, पण त्यांचा अर्थ लागला नाही.

गाडी चालवता येते आणि रस्ता वाचता येत नाही, ही या वयाची खरी अडचण आहे. डॉक्टर लोक सांगतात की धोका तोलणारा, मनाला आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत तयार होत असतो. त्यात अनुभव शून्य. पोरगं वाईट आहे, उर्मट आहे असं काही नसतं त्यात.

आमच्या मुलाचा हात चांगला बसलाय, आता काय काळजी?

सगळ्यात जास्त काळजी आत्ताच. पहिल्या महिन्यात पोरं घाबरून चालवतात, दोन्ही हात स्टिअरिंगवर, आरसे बघतात. तीनचार महिन्यांनी गिअर न बघता पडायला लागतो, एक हात खिडकीत जातो, गाणी बदलायला सुरुवात होते. म्हणजे हात बसतो पण नजर अजून बसलेली नसते, आणि नेमकं याच वेळी आईबाबा शेजारी बसायचं बंद करतात. जगभरच्या अभ्यासातनं हेच आलंय की नवा ड्रायव्हर एकटा चालवायला लागला की पहिले काही महिने अपघाताचा धोका सगळ्यात जास्त असतो आणि शेजारी मोठं माणूस असताना तो एकदम कमी असतो.

मित्रांबरोबर जाऊ द्यायचं का? चार जणच आहेत, सगळे चांगल्या घरातले.

पहिलं वर्षभर नाही. चांगल्या घरातले असण्याचा इथे काही संबंधच नाही. गाडीत एक मित्र वाढला की धोका वाढतो, दोन वाढले की अजून वाढतो, हे मोजून सिद्ध झालेलं आहे. मला मोजायची गरज नाही, मी समोर बघते. जो पोरगा माझ्याबरोबर चाळीसने चालवतो तोच शंभर फुटी रोडवर मित्र बसलेले असताना मला दिसतो, काचा खाली, मागचा पोरगा पुढच्या दोन सीटच्या मधे डोकं घालून काहीतरी दाखवतोय, आणि हा मान वळवून बघतोय. "दाब ना", "कट मार त्याला" असं कोणी म्हणावंच लागत नाही. नुसतं बघणारं कोणी असलं की पुरतं.

बारावीनंतरची गोवा ट्रिप हा विषय तर मला वेगळा बोलायचा असतो. जाताना काही होत नाही, येताना होतं. तीन दिवस झोप नाही, रविवारी संध्याकाळी निघायचं, कारण सोमवारी कॉलेज. आंबोलीत धुकं, पुढे अंधार, मागचे तिघे झोपलेले, आणि ज्याचं लायसन्स पाच महिन्यांचं आहे तो एकटा जागा. एसटीने पाठवा नाहीतर ड्रायव्हर करून द्या, पैसे जाऊ देत.

मोबाईलचं काय? तो म्हणतो फक्त मॅप बघतो.

ताशी ६० च्या स्पीडला गाडी सेकंदाला साडेसोळा मीटरच्या वर जाते. मेसेज वाचायला पाच सेकंद धरा, ८३ मीटर झाले. कबड्डीची सहा मैदानं एकापुढे एक मांडा आणि त्यावरनं डोळे मिटून गाडी न्या, एवढं ते आहे. मॅप लावायचा तर निघायच्या आधी लावायचा, आवाज चालू ठेवायचा, फोन स्टँडवर आणि चुकलो तर पुढे जाऊन वळायचं. चुकलेल्या वळणासाठी हायवेवर ब्रेक मारणं किंवा रिव्हर्स घेणं, याने किती गाड्या मागून ठोकल्या गेल्यात.

पण मी पालकांना एक गोष्ट आवर्जून सांगते आणि ती त्यांना आवडत नाही. पोरगा गाडी चालवत असताना त्याला येणारे बरेचसे फोन घरचेच असतात. "कुठे पोचलास?" "जेवलास का?" "येताना कोथिंबीर आण." माझ्या गाडीत क्लास चालू असताना रोज कोणाच्या ना कोणाच्या आईचा फोन येतो आणि उचलला नाही की लगेच दुसरा, मग तिसरा, आणि पोराची मांडी थरथरत असते कारण खिशात व्हायब्रेट होतंय. तुम्हाला माहितीये ना तो गाडीवर आहे? मग नका करू फोन. पोचल्यावर तो करेल, आणि तो वीस मिनिटं उशिरा आला तर ओरडू नका, नाहीतर पुढच्या वेळी ती वीस मिनिटं तो रस्त्यावर भरून काढेल.

ओव्हरटेक नीट जमत नाही, तेवढं शिकवाल का?

शिकवते, पण आधी हिशोब शिकवते. समोरचा ट्रक ६० ने चाललाय, तुम्ही ८० ने त्याला मागे टाकताय. फरक फक्त ताशी २० चा, म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटर. ट्रकची लांबी, मागचं अंतर, पुढे गेल्यावर साईडला यायचं अंतर मिळून साधारण ५५ मीटर तुम्हाला त्याच्यापेक्षा जास्त जायचंय. दहा सेकंद लागले. त्या दहा सेकंदांत तुम्ही रस्त्यावर २२० मीटर गेलात आणि समोरनं कोणी ८० ने येत असेल तर तोही २२० मीटर आला. म्हणजे निघताना साडेचारशे मीटर मोकळा रस्ता दिसायला हवा होता. आमच्या भागातल्या दुपदरी रस्त्यांवर, दोन्हीकडे ऊस उभा असताना, साडेचारशे मीटर सरळ मोकळा रस्ता मला दाखवा.

हे मी वहीवर लिहून दाखवते तेव्हा पोरं गप्प होतात. कोणी त्यांना कधी सांगितलेलंच नसतं, सगळ्यांनी फक्त "बघून काढ" म्हटलेलं असतं. आणि ट्रकवाल्याने उजवा इंडिकेटर दिला तर तो "जा" म्हणतोय की "मी वळतोय" म्हणतोय हे आपल्याकडे नक्की नसतं, त्यामुळे त्याच्या इंडिकेटरवर जीव टाकायचा नाही.

ब्रेकचा पण असाच हिशोब आहे का?

आहे. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरा. ६० ला तेवढ्यात २५ मीटर गेले, नंतर कोरड्या रस्त्यावर ब्रेक लागून थांबायला अजून २० मीटर. १०० ला ते ४० आणि ५५, म्हणजे जवळजवळ शंभर मीटर. स्पीड दुप्पट झाला की ब्रेक लागल्यानंतरचं अंतर चौपट होतं, हे नववीच्या विज्ञानात आहे, पण तिथे ते फक्त मार्कांसाठी असतं.

अजून एक गोष्ट जी कुठल्याच टेस्टमध्ये विचारत नाहीत, जोरात ब्रेक मारायची सवय. २०१९ नंतरच्या सगळ्या नव्या कारला एबीएस आहे, म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा. एबीएस चालू झालं की पेडल पायाखाली खडखडतं, आणि पोरं घाबरून पाय काढतात. काढायचा नाही, दाबून धरायचा आणि स्टिअरिंगने मोकळ्या बाजूला काढायची. मी प्रत्येकाला रिकाम्या मैदानावर नेऊन हे चारपाच वेळा करायला लावते.

आणि ड्रायव्हरच्या पायाशी पाण्याची बाटली ठेवू नका हो. उतारावर ती घरंगळत ब्रेकखाली जाते. मी एकदा स्वतः वाकून काढलीये, गाडी न्यूट्रलला रांगत असताना, लिटरची बाटली आणि ब्रेक अर्धाच दाबला जात होता. दुसरं म्हणजे मॅटवर मॅट टाकू नका, आणि टाचेला पट्टा नसलेल्या चपला घालून चालवू नका.

ऑटोमॅटिक घेऊन दिली तर सोपं पडेल का?

गर्दीत सोपं पडतं हे खरं. पण ऑटोमॅटिकमध्ये घाबरल्यावर ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटर दाबला जातो ते जास्त महागात पडतं, कारण गिअरच्या गाडीत चुकलं तर बऱ्याचदा गाडी बंद पडते, ऑटोमॅटिक बंद पडत नाही, ती पळते. पार्किंगमध्ये भिंतीला, दुकानात घुसलेल्या गाड्या तुम्ही बघितल्या असतील. डावा पाय फूटरेस्टवर, उजव्या पायाची टाच ब्रेकसमोर टेकलेली आणि तिथनंच पंजा वळवायचा, ही सवय लागेपर्यंत माझ्याकडे कोणाला सोडत नाही.

शिकायला जुनी गाडी बरी ना, ठोकली तरी चालेल?

सगळ्यांनाच असं वाटतं, आणि मला कळतं का वाटतं ते. पण बारा वर्षांची गाडी, एअरबॅग नाही, एबीएस नाही, टायर गुळगुळीत, आणि ती आपण घरातल्या सगळ्यात कच्च्या ड्रायव्हरला देतो. घरात दोन गाड्या असतील तर चांगली त्याला द्या, जुनी तुम्ही चालवा. पत्र्यावर ओरखडे येतील, येऊ देत.

टायरच्या बाजूला चार आकडी नंबर असतो, २३१९ असेल तर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. आज जाऊन बघा. समृद्धीवर १२० ची लिमिट आहे म्हणून १२० ने जायचं आणि टायर सहा-सात वर्षांपूर्वीचे, असं करू नका. आणि नव्या ड्रायव्हरला पहिलं वर्ष समृद्धीवर नेऊच नका, तासन्‌तास सरळ रस्ता, काही घडत नाही, डोळे उघडे ठेवून माणूस झोपतो.

पावसात आणि रात्री कधीपासून चालवू द्यायचं?

आधी तुमच्याबरोबर. पहिल्या पावसात रस्त्यावरचं वर्षभराचं तेल आणि धूळ वर येतात आणि रस्ता साबण लावल्यासारखा होतो, आमच्याकडे त्यात शेतातनं ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर आलेला काळा चिखल. पहिला अर्धा तास शक्य असेल तर थांबाच. पाणी साठलेल्या जागेवरनं जोरात गेलं की टायर रस्त्याला टेकतच नाही, स्टिअरिंग एकदम हलकं लागतं. तेव्हा ब्रेक नाही मारायचा, अ‍ॅक्सिलरेटर सोडायचा आणि सरळ धरायची.

रात्री समोरचा अपरवर, म्हणजे हेडलाईट पूर्ण वर करून, आला की पोरं त्याच्या लाईटकडेच बघतात आणि गाडी तिकडेच ओढली जाते. नजर डाव्या बाजूच्या पांढऱ्या पट्ट्यावर ठेवायची, पट्टा नसेल तर रस्त्याच्या कडेवर. आणि तो डिपर देत नाही, लाईट खाली करत नाही, म्हणून आपणही अपर मारायचा नाही, दोघंही आंधळे झाले तर कोणाचा फायदा?

मागच्या सीटवर बेल्ट लावलाच पाहिजे का?

हो. कायद्यानेही हो. उद्योगपती सायरस मिस्त्री ४ सप्टेंबर २०२२ ला पालघरजवळ सूर्या नदीच्या पुलावर अपघातात गेले, मर्सिडीज होती, ते मागे बसलेले होते आणि बेल्ट लावलेला नव्हता. मागच्याने बेल्ट नाही लावला तर तो धडकेत पुढच्याच्या पाठीवर येऊन आदळतो, म्हणजे पुढच्याने लावलेला बेल्टही वाया जातो. पन्नासच्या स्पीडला हे होतं, त्याला हायवे लागत नाही. आवाज बंद करायला बेल्टच्या खाचेत ती खोटी क्लिप बसवतात ती मला कोणाच्या गाडीत दिसली की मी काढून हातात देते.

आणि लहान मुलाला मांडीवर घेऊन स्टिअरिंग धरू देणारे बाबा. लाडाने करतात, मला माहितीये. एअरबॅग फुटते तेव्हा मधे ते लेकरू असतं.

दारूचं सांगायला हवं का? आमचा घेत नाही.

सांगा. महाराष्ट्रात एकवीसच्या आत बिअरलाही परवानगी नाही आणि हार्ड दारूला तर पंचवीस, त्यामुळे अठराच्या पोराने घेणंच बेकायदा. ते म्हणून झालं की पुढचं वाक्यही म्हणा, "कधी घेतलीस, किंवा चालवणाऱ्याने घेतलीये असं दिसलं, तर रात्री कितीही वाजता मला फोन कर, मी येईन आणि त्या रात्री एक शब्द बोलणार नाही." आणि खरंच बोलू नका.

इन्शुरन्स आहे ना, मग नुकसान भरून मिळेल की?

चालवणाऱ्याकडे लायसन्सच नसेल तर तुमच्या गाडीचं नुकसान कंपनी देत नाही. समोरच्याला भरपाई द्यायची वेळ आली तर बऱ्याचदा कोर्ट कंपनीला आधी द्यायला लावतं आणि मग ती रक्कम गाडीमालकाकडून वसूल करायची मुभा देतं. घरातला कमावता माणूस गेला असेल तर भरपाईचा आकडा काही लाखांत, कधी त्याहूनही वर जातो. घर, शेत विकायची पाळी येते.

मुलगी आहे, भीती वाटते. कधीतरी गरज पडेल म्हणून लायसन्स काढून ठेवतो, चालेल ना?

हे मला सगळ्यात जास्त लागतं. मुलगी शिकते, टेस्ट पास होते, लायसन्स येतं आणि कपाटात जातं, कारण "आत्ता कशाला, बाबा आहेत की सोडायला". पाच वर्षांनी तिला पुण्यात नोकरी लागते आणि एक दिवस ती कार घेऊन एकटी बाहेर पडते, कागदावर पाच वर्षांची अनुभवी आणि हाताला पंचवीस दिवसांचा सराव. भावाला जेवढी गाडी देता तेवढीच तिला द्या.

अमेरिकेत सोळाव्या वर्षी लायसन्स देतात, मग आपल्याकडेच अठरा का?

न्यू जर्सीला ज्यांचे दीर-जाऊ आहेत ते हे हमखास विचारतात. तिथे सोळाव्या वर्षी फक्त परमिट मिळतं, मोठं माणूस शेजारी बसवून चालवायचं. सतराला जे मिळतं तेही कच्चंच, रात्री ११ नंतर पहाटे ५ पर्यंत चालवायचं नाही, बरोबर मित्र एकच, हॅण्ड्सफ्रीसुद्धा नाही, आणि नंबरप्लेटवर लाल स्टिकर लावायचा. पक्कं अठराला. असं पायरीपायरीने लायसन्स द्यायची पद्धत न्यूझीलंडने १९८७ ला सुरू केली, अमेरिकेत फ्लोरिडाने १९९६ ला. आणि एवढं सगळं करूनही तिथे १६ ते १९ वयाच्या पोरांचे जीवघेणे अपघात दर मैलामागे मोठ्यांच्या जवळजवळ तिप्पट आहेत.

आपल्याकडे लर्निंगनंतर तीस दिवस झाले की टेस्ट देता येते, आणि पास झालं की त्याच रात्री चार मित्र घेऊन महाबळेश्वरला जायला कायद्याने काही अडचण नाही. मधल्या पायऱ्याच नाहीत. त्या घरी बांधाव्या लागतात.

अपघात झालाच तर पोराने काय करायचं?

हे आत्ताच बोलून ठेवा, जेवताना बोला. पळायचं नाही. पोरं वाईट म्हणून पळत नाहीत, बाबा मारतील म्हणून पळतात, आणि रस्त्यावर पडलेल्या माणसाची पहिली मिनिटं त्यात जातात. गाडी बंद, पार्किंग लाईट चालू, १०८ ला फोन, मग ११२, मग घरी. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने दाबून धरायचं. मान हलवायची नाही, पाणी पाजायचं नाही. जखमीला मदत मिळवून देणं आणि पोलिसांना कळवणं हे ड्रायव्हरवर कायद्यानेच बंधनकारक आहे. मे २०२५ पासून केंद्राची योजना आहे, अपघातग्रस्ताला नेमलेल्या हॉस्पिटलमध्ये सात दिवसांपर्यंत, दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचार मिळतात, तेव्हा पैशांसाठी कोणी थांबू नये. आणि जो येणारा-जाणारा मदत करतो त्याला पोलीस अडकवू शकत नाहीत, त्याने नाव सांगायचीही सक्ती नाही.

मग एकट्याला सोडायचं कधी?

महिने मोजू नका. शेजारी बसा आणि त्याला चालवताना मोठ्याने बोलायला लावा, काय दिसतंय आणि त्याचं काय होऊ शकतं ते. "डावीकडे एसटी थांबलीये, तिच्या पुढनं कोणीतरी धावत येईल. समोर स्कूटरवर बाई आहे, मागच्या पोरीची ओढणी चाकाजवळ आहे, ती अचानक थांबेल. गुरं आहेत, एक पलीकडे गेलंय म्हणजे दुसरं पण जाणार." सुरुवातीला त्यांना बोलायलाच सुचत नाही, नुसतं "गाडी आली, गाडी गेली" म्हणतात. माझ्या अंदाजाने पन्नास-साठ तास लागतात, पाऊस धरून, रात्र धरून, बाजाराचा दिवस धरून.

माझी मुलगी मार्चमध्ये अठराची झाली. रोज संध्याकाळी मी क्लास संपवून येते आणि आम्ही दोघी माधवनगरला जाऊन येतो, मी थकलेली असते, तीही कंटाळते. परवा ती बोलत बोलत चालवत होती आणि मधेच म्हणाली, "आई, तो बॉल आलाय रस्त्यावर," आणि तिचा पाय माझ्या आधी ब्रेकवर गेला होता. पोरगं मागनं यायच्या आत गाडी थांबलेली होती. अजून रात्रीचे तास कमी पडतायत, दिवाळीपर्यंत होतील.